साप्ताहिक मीटिंगमध्ये सगळ्यांचं 'चालू आहे', तरी प्रोजेक्ट जागचा हलत नाही

पहिल्या दोन मीटिंगना सगळे वेळेवर हजर असतात. कामं वाटली जातात, कोणीतरी वहीत लिहून घेतं, निघताना पुढची तारीखही ठरते. तिसऱ्या आठवड्यात एकजण कमी होतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून मग तेच ते चित्र दिसायला लागतं. गोल करून बसायचं आणि पाळीपाळीने बोलायचं. "माझं चालू आहे." "माझं होत आलंय." "थोडंसं राहिलंय, या आठवड्यात टाकतो." वीस मिनिटांत मीटिंग उरकते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि पुढच्या आठवड्यात जवळजवळ तीच वाक्यं पुन्हा ऐकू येतात. रिव्ह्यूच्या आदल्या रात्री सगळ्यांचे भाग जोडायला घेतले की लक्षात येतं, जोडण्याजोगं काही तयारच नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्ट-गटांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. हे दुखणं दरवर्षी नव्या गटात पुन्हा उगवतं, हुशार आणि मेहनती गटांतही. त्यावर साधारण दोनच उपाय सुचवले जातात: मीटिंग आठवड्यातून दोनदा घेऊ, नाहीतर मीटिंग बंद करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच कळवत जाऊ. मला दोन्ही पटत नाहीत. मीटिंग किती वेळा होते यात बिघाड क्वचितच असतो, तो असतो तिथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात. "किती झालं?" असं विचारलं की समोरचा शब्द देतो. काम कोणी बघतच नाही.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

मागच्या तीन मीटिंगच्या नोंदी काढा. नोंदीच नसतील तर पहिली दुरुस्ती तिथेच करायची आहे, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. नोंदी असतील तर त्यात एकच गोष्ट शोधा: एखाद्या कामापुढे सलग दोन आठवडे तेच उत्तर आहे का? असेल तर ते काम चालू नाही, अडलेलं आहे, आणि का अडलंय हे बहुधा गटात कोणालाच माहीत नाही. कधीकधी ते काम ज्याच्याकडे आहे त्यालाही नाही.

दुसरी चाचणी दोन मिनिटांची आहे. मीटिंग संपल्यावर प्रत्येकाला वेगळं गाठून विचारा, "तुझं सोड, बाकीचे या आठवड्यात काय करणार आहेत?" ज्याला फक्त स्वतःचंच सांगता येतं, तो इतरांचं बोलणं ऐकत नव्हता, आपली पाळी यायची वाट बघत होता. गटातले बहुतेकजण असेच निघाले, तर तुमच्याकडे मीटिंग होतच नाही. एकाच खोलीत बसून पाचजण पाच वेगवेगळे अहवाल देतात, एवढंच.

'चालू आहे' हे उत्तर येतं कुठून

बहुतेक वेळा ते कामाच्या नावातूनच येतं. गटांनी वाटून घेतलेली कामं वाचून बघा: "लिटरेचर सर्व्हे", "डेटाबेस", "सर्किट", "रिपोर्ट". ही प्रकरणांची नावं झाली. यातलं प्रत्येक काम सहा ते आठ आठवडे चालणार, म्हणजे तेवढे आठवडे "चालू आहे" हेच खरं उत्तर आहे. मुलं टाळाटाळ करत नाहीत. प्रश्नच असा आहे की त्याचं दुसरं उत्तर देता येत नाही.

त्यावर गाइड विचारतात, "बरं, मग कधी होईल?" हा प्रश्न पहिल्यापेक्षाही कमी कामाचा आहे. १९९४ साली रॉजर ब्युहलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना नेमकं हेच विचारलं होतं. विद्यार्थ्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांच्या आसपास होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. त्याच विद्यार्थ्यांना असंही विचारलं होतं की, जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर किती दिवस लागतील? त्याचं सरासरी उत्तर ४९ दिवसांच्या आत होतं. म्हणजे वाईटात वाईट धरून सांगितलेली मुदतसुद्धा कमीच पडली. ही आळशी किंवा बेजबाबदार मुलं नव्हती. माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज करताना सगळं सुरळीत होईल असंच चित्र डोळ्यांपुढे आणतो, आणि मागच्या वेळी किती उशीर झाला होता ते हिशेबात धरत नाही. मीटिंगमध्ये तारखा विचारत राहिलात तर तुम्ही दर आठवड्याला हाच आशावाद गोळा करत राहाल.

म्हणून तारखेऐवजी वस्तू विचारा: "पुढच्या मीटिंगला काय दाखवशील?"

एवढा एक बदल केलात आणि बाकीचं सगळं सोडून दिलंत तरी चालेल, इतका मला या प्रश्नावर भरवसा आहे. मात्र त्याचं उत्तर डोळ्यांना दिसेल असं हवं. "लिटरेचर सर्व्हे" ऐवजी "तीन पेपर वाचून प्रत्येकावर पाच ओळी: त्यांनी काय मोजलं, कसं मोजलं, आपल्याला त्यातलं काय घेता येईल". "सेन्सरचं काम" ऐवजी "सेन्सरने दर मिनिटाला एक अशा तासभर घेतलेल्या नोंदींची फाइल". "प्रश्नावली" ऐवजी "दहा प्रश्नांचा मसुदा, गटाबाहेरच्या दोघांकडून भरून घेतलेला, आणि त्यांना कुठला प्रश्न कळला नाही त्याची नोंद". "लॉगिन पेज" ऐवजी "चुकीचा पासवर्ड टाकल्यावर काय होतं ते सगळ्यांसमोर चालवून दाखवणं".

कामाचा आकार दोन-तीन संध्याकाळींत मावेल एवढा ठेवा. विद्यार्थ्याकडे आठवड्याचे सात दिवस नसतात. लेक्चर, प्रॅक्टिकल, इतर विषयांची सबमिशन्स यातून प्रोजेक्टला जेमतेम तेवढ्याच संध्याकाळी मिळतात. काम तेवढ्यात बसत नसेल तर ते मीटिंगमध्येच मोडा. घरी जाऊन मोडू म्हटलं की ते मोडलं जात नाही.

टक्केवारी पूर्ण बंद करा. "नव्वद टक्के झालं" यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण राहिलेल्या दहा टक्क्यांत काय आहे हे सांगणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. बहुधा सगळ्यात अवघड भाग तिथेच उरलेला असतो. नोंदीत दोनच खुणा ठेवा: झालं, नाही झालं. नाही झालं असेल तर जे अर्धवट आहे तेच दाखवायचं. एरर येणारा कोड दाखवा, धूर निघालेलं सर्किट दाखवा, खोडाखोड केलेलं पान दाखवा. मोडकं का होईना, ते टेबलावर आलं की दुसऱ्या कोणाला तरी त्यातलं काहीतरी दिसतं. माझ्यासमोर एका गटात एक मुलगी सलग तीन आठवडे "मॉडेल ट्रेन होतंय", म्हणजे प्रोग्रॅम डेटावरून शिकतोय, असं सांगत होती. चौथ्या आठवड्यात तिने स्क्रीन दाखवली, आणि शेजारच्या मुलाने एका मिनिटात सांगितलं की तिच्या फाइलमध्ये तारखांचा कॉलम मजकूर म्हणून वाचला जातोय. ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळू शकली असती.

क्रम उलटा करा

सॉफ्टवेअर कंपन्यांमधून आलेली तीन प्रश्नांची पद्धत अनेक गट जशीच्या तशी उचलतात: काय केलं, काय करणार, अडचण काय. स्क्रम पद्धतीतली ती रोजची पंधरा मिनिटांची बैठक. दिवसभर एकत्र काम करणाऱ्या टीमसाठी ती ठीक आहे. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या गटात मात्र या तीन प्रश्नांची लवकरच पोपटपंची होते. खुद्द स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतूनही २०२० सालच्या आवृत्तीत हे तीन प्रश्न काढून टाकले आहेत. तेव्हा ते धरून ठेवण्याचं आपल्याला काही कारण नाही.

अडचण शेवटी विचारली की ती नेमकी तेव्हा येते जेव्हा सगळ्यांनी बॅगा उचललेल्या असतात. म्हणून ती आधी घ्या. पहिली पाच मिनिटं फक्त एवढंच: "कोण अडलंय, आणि कोणाची मदत हवी आहे?" अडचण तिथे सोडवत बसायचं नाही. कोण कोणाबरोबर केव्हा बसणार एवढं ठरवायचं. त्यानंतर दाखवणं, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. मग त्या आठवड्यात घ्यायचे निर्णय, फार तर दोन. आणि शेवटची पाच मिनिटं पुढच्या वेळी कोण काय दाखवणार ते लिहिण्यासाठी. पाच जणांच्या गटाला अर्धा-पाऊण तास पुरतो.

निर्णय दोनच घ्यायला का सांगते? सोपा विषय सगळा वेळ खाऊन टाकतो म्हणून. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एका काल्पनिक समितीचं वर्णन केलं होतं. ती अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास वाद घालते, कारण अणुभट्टी कोणाला कळत नाही आणि शेडबद्दल प्रत्येकाला मत असतं. आपल्या गटांत शेडची जागा पीपीटीचे रंग, प्रोजेक्टचं नाव आणि लोगो घेतात. ही चर्चा मीटिंगबाहेर ग्रुपवर होऊ द्या. मीटिंगमध्ये "डेटा कुठून आणायचा" यासारखा प्रश्न घ्या, ज्याच्यापुढे सगळे गप्प बसतात. ती शांतता अवघड वाटते, पण तिच्यात थांबून राहायला हवं.

एकजण काहीच बोलत नाही, काही करतही नाही

ही तक्रार माझ्यापर्यंत सगळ्यात जास्त येते, आणि निकालही सगळ्यात घाईने लावला जातो: "तो कामचुकार आहे." असतोही कधीकधी. पण त्याआधी कामाची वाटणी तपासा.

मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना एकट्याने आणि गटाने दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांत आठ जणांच्या गटातल्या प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जोराच्या निम्म्यावर आला होता. त्यातला काही भाग सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही म्हणून वाया जातो. पण पुढे १९७९ मध्ये बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवण्याचे आणि ओरडण्याचे प्रयोग केले, त्यांत दिसलं की गटात असताना माणूस मुळातच जोर कमी लावतो. त्याच संशोधकांनी नंतर दाखवलं की आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्यावर ही ढिलाई जवळजवळ नाहीशी होते.

गटात याचा अर्थ सरळ आहे: एका कामापुढे एकच नाव. "आम्ही दोघं मिळून करतो" लिहिलं की ते काम कोणाचंच राहत नाही. मदतीला दुसरा असू दे, पण दाखवणारा एकच. माझ्या अनुभवात गप्प राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या नावावर वाटणीत ठोस असं काही नसतंच. "मदत करेल", "डॉक्युमेंटेशन बघेल", एवढंच लिहिलेलं असतं. मग तो दाखवणार काय?

नाव आणि काम दोन्ही आहे, तरीही दोन मीटिंग काहीच आलं नाही, तर सगळ्यांसमोर विचारू नका. गटप्रमुखाने किंवा गटातल्या जवळच्या मित्राने मीटिंगच्या एक-दोन दिवस आधी भेटावं आणि "का केलं नाहीस?" असं न विचारता "कुठपर्यंत उघडून बघितलंस?" असं विचारावं. उत्तरावरून बहुतेक कळतं. अजिबात उघडलेलं नसेल तर वेळेचा किंवा इच्छेचा प्रश्न आहे. उघडून पहिल्याच पायरीवर सोडलं असेल तर त्याला ते येत नाही आणि येत नाही हे सांगायची लाज वाटते. या दुसऱ्या प्रकारात काम बदलून देऊ नका. त्याच्याबरोबर एक तास बसा आणि पहिली पायरी एकत्र करा. काम काढून घेतलंत तर तो उरलेलं पूर्ण वर्ष गटाच्या कडेला बसून काढेल. असं झालेलं मी बघितलं आहे, आणि त्यात नुकसान त्या एकाचंच होत नाही.

तिसरीही शक्यता असते: घरचं काहीतरी, आजारपण, पैशाची ओढाताण. तिथे मीटिंगचं तंत्र उपयोगाचं नाही. काही आठवडे त्याचं काम हलकं करा आणि त्याच्या परवानगीने गाइडच्या कानावर घाला.

उलट बाजूही बघा. एकजण सगळंच करतो, तेव्हा बाकीच्यांची मीटिंग हळूहळू त्याचा प्रोजेक्ट ऐकण्याची जागा होते. तो रात्री बसून इतरांचा कोड किंवा मजकूर पुन्हा लिहून काढतो, कारण "समजावत बसण्यापेक्षा लवकर होतं". त्याचा हेतू चांगलाच असतो. पण आपलं काम पुसलं जाणार हे कळल्यावर इतर ते मनापासून करणं सोडतात. यावर नियम हवा: दुसऱ्याच्या भागात बदल करायचा तर मीटिंगमध्ये, त्याच्या हाताने.

"अडलंय" म्हणायला कोणी तयार नाही

पहिली पाच मिनिटं अडचणींना दिली आणि सगळे गप्पच राहिले, तर प्रोजेक्ट छान चाललाय असं समजू नका. एमी एडमंडसन यांनी इस्पितळांतल्या परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगलं नेतृत्व आणि चांगले संबंध असलेल्या तुकड्यांत औषधांच्या चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदीत त्या जास्त सापडल्या. त्यांच्या मते याचं कारण असं की तिथे चुका बोलून दाखवायला लोक घाबरत नव्हते. तुमच्या नोंदींतही हे बघा. ज्या गटात दर आठवड्याला एक-दोन "अडलंय" येतात, त्याची मला काळजी वाटत नाही.

सुरुवात गटप्रमुखाने करावी, आणि खरीखुरी करावी: "माझा ग्राफ चुकीचा येतोय, दोन दिवस झाले, मला कळत नाहीये." हे वाक्य एका मीटिंगमध्ये ऐकू आलं की पुढच्या मीटिंगला दुसरा कोणीतरी बोलतो.

आणि इथे गाइड लोकांना माझी कळकळीची विनंती आहे. साप्ताहिक मीटिंगमधल्या "नाही झालं" वर गुण कापू नका. गुणांसाठी रिव्ह्यू आहेत. ज्या बैठकीत गुण कापले जातात तिथे मुलं फक्त चांगलं तेवढंच आणतात, आणि बिघाड तुम्हाला सबमिशनच्या आठवड्यातच दिसतो. दुसरं म्हणजे पूर्ण वेळ बसू नका. तुम्ही समोर असलात की सगळे तुमच्याकडे बघून बोलतात, एकमेकांशी कोणी बोलत नाही. मी पहिली वीस-पंचवीस मिनिटं गटाला एकटं सोडते आणि शेवटच्या दहा मिनिटांत जाते. गेल्यावर आधी कागद वाचते, मग विचारते. तुमच्यामुळे मीटिंग रद्द झाली असं एकदा जरी घडलं तरी पुढचा महिना गट भेटायची टाळाटाळ करतो. त्यामुळे तुम्ही नसलात तरी मीटिंग त्याच वेळी होईल हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

नोंद

एकच शेअर केलेली शीट. चार रकाने: नाव, पुढच्या वेळी काय दाखवणार, झालं की नाही, आज काय ठरलं आणि का. मीटिंग चालू असताना, सगळ्यांना दिसेल अशी स्क्रीनवर भरायची. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीत लिहिणाऱ्याची समजूत उतरते. लिहिणारा दर आठवड्याला बदला.

शेवटच्या रकान्यातला "का" गाळू नका. व्हायव्हाला हमखास विचारतात, "हीच पद्धत का निवडली?" दुसऱ्या महिन्यात घेतलेल्या निर्णयाचं कारण आठव्या महिन्यात कोणालाच आठवत नाही. शीटमध्ये ते तारखेसह असतं.

वेळ आणि सुट्ट्या

वार आणि वेळ सत्राच्या सुरुवातीलाच पक्की करा. दर आठवड्याला ग्रुपवर "कधी भेटायचं?" विचारणाऱ्या गटाची मीटिंग सहाव्या आठवड्यापर्यंत टिकलेली मी फारशी पाहिली नाही. उशिरा येणाऱ्यासाठी थांबू नका आणि तो आल्यावर पहिल्यापासून सांगू नका, शीट समोर आहेच. परीक्षेच्या आठवड्यात मीटिंग रद्द न करता दहा मिनिटांची करा. त्यात एकच गोष्ट ठरवायची, परीक्षेनंतर कोण कुठल्या फाइलपासून सुरू करणार. सुट्टीनंतरच्या पहिल्या मीटिंगला प्रगती विचारू नका. सगळ्यांनी मिळून आधीचं काम उघडा आणि चालतंय का ते बघा.

हे सगळं करूनही तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर

प्रश्न बदलला, कामं मोडली, नावं टाकली, क्रम उलटा केला, तरीही शीटवर "नाही झालं" चीच रांग दिसते आहे. मग बिघाड मीटिंगमध्ये नाही. प्रोजेक्टच गटाला झेपण्यापलीकडचा आहे, किंवा तो ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती हाताशी नाही: डेटा मिळत नाही, उपकरण उपलब्ध नाही, बाहेरच्या कोणाची परवानगी येत नाही. अशा वेळी गट आणखी जोर लावायला बघतो. त्याऐवजी पुढच्या मीटिंगमध्ये दुसरं काहीही घेऊ नका. फळ्यावर प्रोजेक्टचे सगळे भाग लिहा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवा: हा भाग काढला तर उरलेलं दाखवण्यासारखं राहतं का? "राहतं" असं उत्तर आलेल्या भागांपैकी सगळ्यात जड भाग पुसून टाका. मग त्याच दिवशी गाइडकडे जा आणि तीन ओळींत सांगा: काय काढलं, का काढलं, आणि पुढच्या आठवड्यात काय दाखवणार.

हे सांगायला मुलं फार घाबरतात, आणि त्या भीतीपायी एक-दोन महिने वाया जातात. मला स्वतःला निम्म्या वाटेवर, हातात शीट घेऊन असं सांगायला आलेला गट कधीही आवडतो. त्यांच्याबरोबर बसून उरलेले आठवडे मोजता येतात आणि त्यांत काय मावेल ते ठरवता येतं.